‘सव्य’ म्हणजे कोणत्या बाजूने? – टर्बोचार्जरच्या कवचांची मांडणी आणि दिशावाचक भाषा

मोटारीच्या एंजिनात फेरफार करून त्यावर टर्बोचार्जर बसविताना ‘संपीडकाचे कवच घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ३० अंश फिरवावे’ अशा स्वरूपाची सूचना वारंवार द्यावी लागते. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. त्यात कर्म आहे, विध्यर्थ आहे, परिमाणही आहे. तथापि अर्थाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. कारण कवचाची तीच फेरी एका टोकाकडून पाहिली असता काट्यांप्रमाणे आणि दुसऱ्या टोकाकडून पाहिली असता काट्यांविरुद्ध दिसते. वाचकाने चुकीचे टोक गृहीत धरले, तर इष्ट स्थानापासून ६० अंशांचे अंतर पडते.

दिशावाचक शब्दांचा अर्थ कशाच्या आधाराने निश्चित होतो, हा भाषाविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे. यंत्रशाळेतील वरील साधी क्रिया त्या प्रश्नाचे स्वच्छ उदाहरण पुरविते. येथे चुकीच्या अर्थबोधाचा परिणाम केवळ गैरसमज एवढाच न राहता तापलेल्या धातूवर आणि तुंबलेल्या तेलात प्रत्यक्ष दिसू लागतो. प्रस्तुत लेखात प्रथम त्या क्रियेचे स्वरूप, नंतर तिच्यामागील दिशांच्या चौकटी, आणि शेवटी मराठी परिभाषेपुढील प्रश्न यांचा विचार केला आहे.

१. यंत्र आणि त्याची तीन कवचे

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंतील वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या साहाय्याने आत जाणारी हवा दाबून भरावयाची, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना होय. स्विस अभियंता आल्फ्रेट ब्युखी यांनी १९०५ साली तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. प्रवासी मोटारींत तिचा अवलंब १९६२ साली अमेरिकेत निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांपासून झाला.

या यंत्रात एकाच दंडाच्या दोन टोकांना दोन चक्रे बसविलेली असतात. एका टोकाचे टर्बाइन-चक्र निष्कास वायूंच्या रेट्याने फिरते. दुसऱ्या टोकाचे संपीडक-चक्र, म्हणजे काँप्रेसरचे चक्र, त्याच गतीने फिरून हवा दाबते. लहान मोटारींच्या टर्बोत दंडाची गती मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या घरात जाते. एवढ्या गतीने फिरणारा दंड सामान्यतः तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल एंजिनाकडूनच दाबाने येते.

बाहेरून पाहता यंत्राचे तीन भाग दिसतात. टर्बाइनचे कवच ओतीव लोखंडाचे आणि शंखाकृती असते. संपीडकाचे कवच त्याच आकाराचे, परंतु ॲल्युमिनियमचे असते. या दोहोंच्या मध्ये दंड, धारवे आणि तेलाच्या वाटा यांना सामावून घेणारे मधले कवच असते. ही तीनही कवचे एका अक्षावर ओवलेली असून बंधने सैल केली असता ती एकमेकांच्या संबंधात फिरविता येतात. या फिरविण्यालाच इंग्रजी कारागिरांच्या भाषेत ‘क्लॉकिंग’ म्हणतात. घड्याळाच्या तबकडीवर काटा जसा एखाद्या आकड्यावर आणावा, तसे कवचाचे तोंड इष्ट कोनावर आणावयाचे, अशी या शब्दामागील प्रतिमा आहे.

२. फिरविण्याची गरज आणि तिच्या मर्यादा

कारखान्यातून येणारा टर्बो बहुधा एका विशिष्ट गाडीसाठी जुळविलेला असतो. तो दुसऱ्या एंजिनावर बसवावयाचा झाल्यास हवेच्या नळ्या, तेलाच्या नळ्या आणि मॅनिफोल्डचे तोंड यांचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून कवचे फिरवावी लागतात.

हे काम पुढील क्रमाने केले जाते. टर्बाइनचे कवच मॅनिफोल्डच्या चकतीवर ठराविक बोल्टांनी बसते. त्याची स्थिती मॅनिफोल्डच ठरवितो. ते पक्के धरून मधले कवच त्याच्या संबंधात फिरविले जाते. शेवटी संपीडकाचे कवच मधल्या कवचाच्या संबंधात फिरवून त्याचे तोंड हवेच्या नळीकडे आणले जाते. कवचे ज्या बंधनांनी जोडलेली असतात, त्यांवर फिरविण्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते. पट्टीच्या कड्याने किंवा काढता येणाऱ्या सर्क्लिपने धरलेले कवच कोणत्याही कोनावर थांबविता येते. याउलट, समान अंतरावरील सहा भोकांतून बोल्ट थेट आरपार जात असतील, तर ६०-६० अंशांचे टप्पेच मिळतात. काही टर्बोंत कवच एकाच स्थितीत बसावे म्हणून लहानशी खुंटी ठोकलेली असते. ती काढल्यावाचून कवच हलत नाही.

तापून गंजलेले टर्बाइनचे कवच सहजासहजी सुटत नाही. अशा वेळी मुरणारे तेल सोडून, मऊ हातोडीने भोवताली सारखे ठोकीत ते अक्षाच्या रेषेतच सरळ ओढावे लागते. ते तिरपे झाल्यास आतील चक्राची पाती कवचावर आपटून वाकतात आणि दंडाचा तोल बिघडतो. संपीडकाचे कवच काढल्यावर त्याखालचे रबरी कडे तपासणेही आवश्यक असते. आणखी एक अडचण दाब मर्यादित ठेवणाऱ्या झडपेची आहे. तिच्या चालकाचा आधार पुष्कळदा संपीडकाच्या कवचावर असतो आणि त्याची दांडी टर्बाइनच्या कवचावरील तरफेला जोडलेली असते. एक कवच फिरविले की दांडी तिरकी पडते. आधाराची जागा बदलल्याशिवाय झडप नीट उघडत नाही आणि दाब ठरल्यापेक्षा निराळा मिळू लागतो.

या सर्वांत कठोर मर्यादा मधल्या कवचाची आहे. त्यात तेल वरून दाबाने येते. परंतु खालून ते केवळ आपल्या वजनाने वाहून जाते. धाऱ्यांतून निघालेले तेल हवेशी घुसळून फेसाळलेले असते आणि त्याला मागून ढकलणारे काही नसते. म्हणून निर्गममुख शक्य तितके सरळ खाली असावे लागते, आणि परतीची नळी सतत उताराची ठेवून एंजिनाच्या तेलकुंडातील पातळीच्या वर आणून सोडावी लागते. लंबरेषेपासून निर्गममुखाचा कल सुमारे ३५ अंशांपलीकडे जाऊ नये, असा संकेत निर्मात्यांच्या मार्गदर्शनात आढळतो. तेल तुंबले, तर दंडाच्या दोन्ही टोकांची कडी ते अडवू शकत नाहीत. तेवढ्यासाठी ती केलेलीच नसतात. तेल टर्बाइनमध्ये व संपीडकात झिरपते, निळसर धूर निघतो, आणि तापलेल्या भागात तेलाचा कोळसा होऊन धाऱ्यांचे आयुष्य संपते. नवा, निर्दोष टर्बो केवळ चुकीच्या कोनामुळे असा निकामी होऊ शकतो.

३. तीन कवचे, तीन चौकटी

दिशा सांगण्याच्या पद्धतींचे भाषाविज्ञानात तीन प्रकार मानले जातात. स्टीव्हन लेव्हिन्सन यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अवकाशविषयक ग्रंथात त्यांचे विस्तृत विवेचन आहे. पहिली चौकट वस्तुनिष्ठ होय. येथे वस्तूची स्वतःची पुढची-मागची बाजू आधारभूत असते, जसे ‘घराच्या मागे विहीर आहे’. दुसरी द्रष्टृसापेक्ष, येथे पाहणाऱ्याच्या उजव्या-डाव्या बाजूंचा आरोप वस्तूंवर केला जातो, जसे ‘झाडाच्या डावीकडे विहीर आहे’. झाडाला स्वतःची डावी बाजू नाही. ती पाहणाऱ्याची असते. तिसरी निरपेक्ष, येथे द्रष्ट्याच्या आणि वस्तूच्या बाहेर असलेली स्थिर दिशा आधाराला घेतली जाते, जसे ‘झाडाच्या उत्तरेला विहीर आहे’.

सर्व भाषा या तिन्ही चौकटी सारख्याच वापरीत नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधील गूगू यिमिथिर भाषेचे भाषक अगदी जवळच्या वस्तूंविषयीही उजवे-डावे न म्हणता मुख्य दिशांचा उल्लेख करतात. मेक्सिकोतील तेनेहापा येथील त्सेल्ताल भाषेत ‘चढाकडे’ आणि ‘उताराकडे’ या शब्दांनी सपाट जागेवरच्या वस्तूंचीही दिशा सांगितली जाते. मराठीत या तिन्ही चौकटी नांदतात. शेताच्या बांधाविषयी बोलताना ‘उगवतीकडे’, ‘मावळतीकडे’ असे म्हटले जाते. ही निरपेक्ष चौकट होय. बैलजोडीतील ‘उजवा’ आणि ‘डावा’ बैल मात्र वस्तुनिष्ठ चौकटीत ठरतो. गाडीवान, बैल आणि गाडी यांचे तोंड एकाच दिशेला असल्याने समोर उभा राहिलेला माणूसही उजव्या बैलाला डावा म्हणत नाही.

आता टर्बोच्या तीन कवचांकडे पुन्हा पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. टर्बाइनचे कवच एंजिनाला बांधलेले आहे. त्याची स्थिती एंजिनाच्या अंगभूत चौकटीतच सांगता येते. मधले कवच पृथ्वीला बांधलेले आहे. गुरुत्वाकर्षण ज्या दिशेला तेल ओढील ती दिशा एंजिन, गाडी किंवा कारागीर यांपैकी कोणीही बदलू शकत नाही. संपीडकाचे कवच गाडीच्या मांडणीला बांधलेले आहे. इंटरकूलर आणि हवेची गाळणी जेथे असतील, तिकडे त्याच्या तोंडांनी वळावयाचे असते. म्हणजे तीन कवचांपैकी एकही द्रष्टृसापेक्ष चौकटीत नाही. सूचना मात्र ‘काट्यांप्रमाणे फिरवावे’ अशी, म्हणजे नेमक्या त्याच चौकटीत दिली जाते. या क्रियेतील पुष्कळशा गोंधळाचे मूळ येथे आहे.

४. साब गाड्यांचे उदाहरण

या तीन चौकटी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, हे स्वीडनमधील साब कंपनीच्या गाड्यांवरून स्पष्ट होते. साब ९९ टर्बो ही गाडी १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली, आणि १९७८ साली आलेल्या साब ९०० मध्येही तीच रचना पुढे चालविली गेली. या गाड्यांत एंजिन लांबीच्या दिशेने, परंतु उलटे बसविलेले होते. सर्वसाधारण संकेतानुसार प्रचक्र ज्या टोकाला असते ती एंजिनाची मागची बाजू, आणि त्याच्या विरुद्ध टोक ही पुढची बाजू. साबमध्ये प्रचक्राचे टोक गाडीच्या नाकाकडे होते. त्यामुळे एंजिनाची ‘पुढची’ बाजू गाडीच्या मागच्या दिशेला, चालकाकडे आली. शिवाय एंजिन ४५ अंशांनी कललेले होते.

अशा गाडीसाठी लिहिलेल्या सूचनेत ‘पुढे’ हा एकच शब्द दोन विरुद्ध दिशा दाखवू शकतो. ‘संपीडक पुढच्या बाजूला ठेवावा’ हे वाक्य एंजिनाला अनुलक्षून आहे की गाडीला अनुलक्षून, हे सांगितले नाही तर अर्थ लागत नाही. आडव्या बसविलेल्या एंजिनाच्या बाबतीत हाच शब्द काटकोनाने चुकतो. ‘चालकाची बाजू’ हा पर्यायही सुरक्षित नाही. स्वीडनमध्ये वा अमेरिकेत ती डावी आणि भारतात उजवी असते.

‘खाली’ या शब्दाची स्थिती याहून गंभीर आहे. एंजिन गाडीतून काढून त्याची नळकांडी उभी राहतील अशा रीतीने घोडीवर बसविले, आणि त्याच स्थितीत तेलाचे निर्गममुख अगदी सरळ खाली येईल असे मधले कवच फिरविले, अशी कल्पना करावी. टर्बोचा दंड क्रँकदंडाला समांतर असेल, तर एंजिन गाडीत परत जाताच हे मुख लंबरेषेपासून ४५ अंश बाजूला जाते. वर सांगितलेली ३५ अंशांची मर्यादा ओलांडली जाते. कारागिराने ‘खाली’ या शब्दाचा अर्थ बरोबर लावलेला असतो. परंतु तो घोडीवरच्या एंजिनाच्या चौकटीतला ‘खाली’ असतो, पृथ्वीच्या चौकटीतला नसतो. बोलताना या दोहोंतील भेद सहसा जाणवत नाही, कारण रोजच्या व्यवहारात दोन्ही एकच असतात.

५. घड्याळ, शंख आणि आटे

वर्तुळगतीचे नाव पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून राहते, ही अडचण टर्बोपुरती नाही. भारतीय परंपरेत तिचे एक जुने उदाहरण शंखाचे आहे. दुर्मीळ आणि म्हणून पवित्र मानला जाणारा दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्राच्या परिभाषेत डावा ठरतो. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचा कळस वर धरून त्याचे मुख आपल्याकडे करतात, आणि मुख ज्या हाताला येईल त्या बाजूचे नाव देतात. परंपरेत शंखाची निमुळती पन्हळ वर धरली जाते. शंख उलटा धरला की मुखाची बाजूही बदलते. वस्तू एकच, निरीक्षणही दोन्हीकडे अचूक, आणि नावे मात्र परस्परविरुद्ध! शंखाचे शास्त्रीय नाव ‘टर्बिनेला’ आणि यंत्रातील ‘टर्बाइन’ हे दोन्ही शब्द भोवरा किंवा आवर्त या अर्थाच्या ‘टर्बो’ या लॅटिन शब्दापासून आलेले आहेत, हा योगायोगही येथे नमूद करण्याजोगा आहे.

या उदाहरणातच अडचणीतून बाहेर पडण्याचा मार्गही दिसतो. शंख कसाही धरला तरी त्याच्या वेटोळ्याचा पीळ बदलत नाही. बदलते ते केवळ त्याचे नाव. स्क्रूच्या आट्यांचेही तसेच आहे. सुलटे आटे कोणत्याही टोकाकडून पाहिले तरी सुलटेच राहतात, आणि उलटे आटे उलटेच. संपीडक-चक्राच्या नटाला अनेक टर्बोंत उलटे आटे असतात. फिरत्या दंडामुळे तो सैल होऊ नये, हा त्यातील हेतू. (कवच फिरविताना या नटाला हात लावावयाचा नसतो, कारण चक्राचा तोल त्याच्याशी निगडित असतो.) पीळ हा वस्तूचा धर्म आहे, ‘काट्यांप्रमाणे’ हा वस्तू आणि द्रष्टा यांमधील संबंध आहे. पहिला लेखनात जसाच्या तसा टिकतो, दुसरा टिकत नाही.

मराठी शास्त्रीय लेखनात काट्यांप्रमाणे होणाऱ्या गतीला ‘सव्य’ आणि तद्विरुद्ध गतीला ‘अपसव्य’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे शब्द आटोपशीर आहेत. तथापि त्यांच्या इतिहासात एक गुंता आहे. संस्कृतात ‘सव्य’ याचा प्रधान अर्थ ‘डावा’ असा आहे. डाव्या हातानेही बाण सोडणारा म्हणून अर्जुन ‘सव्यसाची’. आणि यज्ञोपवीत डाव्या खांद्यावर असते तेव्हा ते सव्य. शास्त्रीय मराठीत मात्र ‘सव्य’ या शब्दाने उजवीकडे वळणारी गती सुचविली जाते. संस्कृतज्ञ वाचकाची या शब्दाने दिशाभूल होण्याचा संभव आहे, आणि संस्कृत न जाणणाऱ्यास त्यातून कोणतीच बाजू आपोआप कळत नाही. दोन्ही परिस्थितींत द्रष्ट्याचे स्थान अनुक्तच राहते. ‘सव्यापसव्य’ हा शब्द मराठीत निष्फळ खटाटोपाचा वाचक झाला आहे. अपुऱ्या सूचनेवरून कवच पुन्हा पुन्हा काढून बसविणाऱ्या कारागिराच्या स्थितीला तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

‘प्रदक्षिणा’ हा शब्द याच्या नेमका उलट आहे. त्याची व्याख्या मूर्ती आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरणे अशी आहे. चालणाऱ्याची उजवी बाजू आणि मध्यस्थानी असलेली मूर्ती, हे दोन्ही आधार शब्दाच्या अर्थातच अंतर्भूत आहेत. देवळाच्या कोणत्याही दारी उभा राहिलेला माणूस प्रदक्षिणा योग्य की अयोग्य हे निश्चितपणे सांगू शकतो. जो शब्द आपला आधार बरोबर घेऊन येतो, तो वाचकाला फसवीत नाही.

६. सूचनेची भाषा

यावरून द्रष्टृसापेक्ष भाषा सर्वथा त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. एकाच एंजिनावर वाकलेल्या दोन कारागिरांना ‘थोडे उजवीकडे’ एवढे शब्द पुरतात. किंबहुना त्यांना अधिक शब्द अडथळाच करतील. दोघांचे स्थान समान असते, आणि बोट दाखविण्याची सोय असते. लेखनात ही दोन्ही साधने नाहीशी होतात. लिहिणारा टर्बोकडे एका बाजूने पाहत असतो, वाचणारा दुसऱ्या बाजूने; त्यांच्यामध्ये कधी काळाचे, कधी देशाचे अंतर असते. बोलीतील सूचना जशीच्या तशी कागदावर उतरविणे म्हणजे तिचा आधार मागे ठेवून केवळ शब्द पुढे पाठविणे होय.

म्हणून लेखी सूचनेत प्रत्येक कवच ज्या चौकटीला बांधलेले आहे, त्याच चौकटीत त्याची दिशा सांगणे हा सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो. उदाहरणार्थ: ‘टर्बाइनचे कवच मॅनिफोल्डवर बसवावे. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना तेलाचे निर्गममुख ओळंब्याच्या रेषेत येईल असे मधले कवच फिरवावे. त्यानंतर संपीडकाचे निर्गममुख इंटरकूलरच्या नळीसमोर येईल असे त्याचे कवच फिरवावे. शेवटी झडपेच्या चालकाची दांडी तरफेच्या रेषेत आहे याची खात्री करून सर्व बोल्ट आवळावेत.’ या चार वाक्यांत उजवे, डावे, सव्य, अपसव्य यांपैकी एकही शब्द नाही, आणि कोणाही वाचकाला अर्थाविषयी संदेह राहत नाही. कोन सांगणे अपरिहार्यच असेल, तर ‘संपीडकाच्या प्रवेशमुखाकडून पाहता काट्यांप्रमाणे ३० अंश’ असे पाहण्याचे स्थान प्रत्येक वेळी नोंदविले पाहिजे.

मराठीत यंत्रविषयक लेखन वाढावे असे म्हणताना लक्ष बहुधा नामांकडे जाते. धारवा म्हणावे की बेअरिंग, कवच म्हणावे की हाउसिंग, याची चर्चा होते. वाचक यांपैकी कोणताही शब्द अंगवळणी पाडून घेतो, आणि नाव न कळल्यास तो निदान थांबून विचारतो. ‘पुढे’, ‘खाली’, ‘उजवीकडे’ हे शब्द मात्र त्याला कळल्यासारखे वाटतात. तो न विचारता पुढे जातो, आणि चूक तेल तुंबल्यावरच उघड होते. परिभाषेची खरी कसोटी म्हणूनच अपरिचित नामांपेक्षा या अतिपरिचित क्रियाविशेषणांत अधिक लागते.